ई-इंकची वही आणि देवनागरी हात

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात चाफळ आहे. समर्थ रामदासांनी १६४८ साली इथे रामाची स्थापना केली आणि पुढे हे गाव त्यांच्या संप्रदायाचे मोठे ठाणे झाले. त्यांच्या दासबोधात लिहिण्याच्या कामावर एक स्वतंत्र समास आहे. एकोणिसाव्या दशकातला हा पहिला समास, नाव 'लेखनक्रियानिरूपण'. अक्षर वाटोळे, मोकळे आणि काळेभोर हवे, ओळी सरळ हव्यात, ग्रंथाच्या आरंभीचे आणि अखेरचे अक्षर सारखेच दिसले पाहिजे, असे समर्थ बजावतात. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडायची, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहतो. तरुणपणी फार बारीक लिहायचे नाही, कारण म्हातारपणी तेच लिहिलेले वाचता येत नाही. शिवाय बोरू, सुरी, कातरी, शाई, कागद अशा साहित्याची यादीही त्यात आहे.

लिहिण्याचे साधन पारखायला इतकी रोकडी कसोटी मराठीत दुसरी सापडणे अवघड. अक्षर स्पष्ट उमटते का, डोळ्यांना पेलते का, लिहिलेले टिकते का आणि साहित्य हाताशी मिळते का, हे प्रश्न तीनशेहून अधिक वर्षांनीही जुने झालेले नाहीत. वहीच्या जागी येऊ पाहणाऱ्या एका नव्या साधनाला ते आज विचारायला हवेत.

ते साधन म्हणजे ई-इंकचा टॅबलेट. नॉर्वेच्या कंपनीचा रिमार्केबल, अ‍ॅमेझॉनचा किंडल स्क्राइब, चिनी कंपन्यांचे बूक्स आणि सुपरनोट, कोबोचा एलिप्सा ही त्यातली ठळक नावे. दिसायला पातळ पाटी, सोबत एक पेन. पडदा मोबाइलसारखा झगमगत नाही, छापील पानासारखा शांत, किंचित राखाडी दिसतो. त्यावर पुस्तक वाचता येते, पीडीएफच्या कडेला टिपणे काढता येतात आणि कोऱ्या पानावर हाताने लिहिता येते. वकील, प्राध्यापक, संशोधक, बैठकांत दिवस जाणारे अधिकारी आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी हा त्याचा मुख्य वापरकर्ता वर्ग. पाटणसारख्या तालुक्याच्या गावी कोर्टात उभा राहणारा वकील किंवा अभ्यासिकेत दिवसभर बसणारी मुलगी यांनी त्यावर पैसे घालावेत का, याचे उत्तर कंपन्यांच्या जाहिरातीत मिळत नाही. त्यासाठी यंत्राच्या आत थोडे डोकवावे लागते.

ई-इंकचा जन्म अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधला. प्राध्यापक जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी नव्वदच्या दशकात हे तंत्र उभे केले आणि १९९७ मध्ये ई इंक कंपनी निघाली. २००९ मध्ये तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलने ती विकत घेतली. पडद्याच्या आत साधारण केसाच्या जाडीच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, त्यात पांढरे आणि काळे कण. पांढऱ्या कणांवर एक विद्युतभार, काळ्यांवर त्याच्या उलटा. खालून विजेची दिशा बदलली की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात. वर आलेले कण तिथेच थांबतात, त्यांना तिथे धरून ठेवायला वीज लागत नाही. म्हणूनच यंत्र बंद केले तरी पडद्यावरचे चित्र तसेच राहते.

या तंत्राचे जवळजवळ सगळे गुण आणि जवळजवळ सगळे दोष एवढ्याच गोष्टीतून निघतात. कण खरोखर हलतात, म्हणून पडदा कागदासारखा दिसतो. आणि कणांना हलायला वेळ लागतो, म्हणूनच तो संथ असतो.

वाचनासाठी हे तंत्र आधी आले. सोनीचे लिब्रिए २००४ मध्ये जपानात, अ‍ॅमेझॉनचे किंडल २००७ मध्ये अमेरिकेत. मराठी वाचकाला त्याचा थेट उपयोग व्हायला आणखी काही वर्षे गेली. डिसेंबर २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलवर हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्या जोडीने मराठी पुस्तके आणली. लिहिता येईल असा मोठा पडदा सोनीने २०१३ मध्ये काढला. १३.३ इंचांचा तो डिजिटल पेपर अमेरिकेत सुमारे १,१०० डॉलरला मिळत असे आणि मोजक्या व्यावसायिकांपलीकडे पोचला नाही. बाजार खऱ्या अर्थाने उघडला तो २०१७ मध्ये रिमार्केबल आल्यावर. त्याची दुसरी आवृत्ती २०२० मध्ये आली, जाडी ४.७ मिलिमीटर आणि वजन ४०३ ग्रॅम. २०२२च्या अखेरीस किंडल स्क्राइब आला.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे वळू. पेनचे टोक पडद्यावर टेकवले की पहिली जाणीव होते ती खरखरीची. मोबाइलच्या काचेवर टोक सटकते. इथे पडद्याचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो, त्यामुळे 'ळ'चे दोन वेटोळे किंवा 'झ'ची गाठ काढताना हात आवरता येतो. बहुतेक यंत्रांत जपानच्या वाकोम कंपनीने रुळवलेले विद्युतचुंबकीय तंत्र असते. पडद्याखालचा थर चुंबकीय क्षेत्र सोडतो आणि पेनातली छोटी गुंडाळी त्यावरच चालते, म्हणून पेनाला बॅटरी लागत नाही. तळहात पडद्यावर टेकला तरी चालतो, यंत्र पेन आणि हात यांतला फरक ओळखते. रिमार्केबल-२ मध्ये टोक हलल्यापासून रेघ उमटेपर्यंत २१ मिलिसेकंद लागतात, असे कंपनी सांगते. नेहमीच्या लिखाणात एवढा उशीर बहुतेकांना जाणवत नाही. दाब दिला की रेघ जाड होते. बोरूने लिहिलेल्या अक्षरातला जाड-बारीक भेद बॉलपेनच्या जमान्यात हरवला होता, तो इथे थोडाफार परत मिळतो.

समर्थांची पहिली कसोटी, स्पष्ट आणि काळ्याभोर अक्षराची. ती हे साधन बऱ्यापैकी पार करते. दुसरी, डोळ्यांची, तर कागदापेक्षाही सरस. तरुणपणी बारीक लिहिलेले पान पुढे मोठे करून पाहता येते. ही सोय कोणत्याही कागदी वहीत नाही.

पाटण खोऱ्याच्या परिस्थितीत या यंत्राचे दोन गुण विशेष उठून दिसतात. एक म्हणजे ऊन. वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांच्या पठारावर किंवा सडावाघापूरच्या सड्यावर भर दुपारी मोबाइल उघडला तर पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. ई-इंकचा पडदा बाहेरचाच प्रकाश परतवतो, त्यामुळे ऊन जितके कडक तितके अक्षर ठसठशीत. वनस्पतींची नोंद घेणारा अभ्यासक, बांधावर उभा राहून मोजणी टिपणारा माणूस, शाळेच्या अंगणात वर्ग घेणारे गुरुजी यांना हा मोठा फायदा आहे.

दुसरा गुण विजेचा. कोयनेचा १,९६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प याच परिसरातला. तरी पावसाळ्यात झाडे तारांवर पडतात, आडबाजूच्या वाड्यांवर वीज जाते आणि ती परत यायला वेळ लागतो. किंडल स्क्राइबची बॅटरी रोज अर्धा तास वाचले तर १२ आठवडे आणि रोज अर्धा तास लिहिले तर ३ आठवडे पुरते, असा कंपनीचा दावा. रिमार्केबल-२ साठी २ आठवडे सांगितले जातात. रोज चार-पाच तास लिहिणाऱ्याला एवढे मिळणार नाही, पण चार दिवस वीज नसली तरी काम अडत नाही. नेहमीच्या टॅबलेटची बॅटरी एक-दोन दिवसांत संपते.

मात्र हाच पाऊस दुसऱ्या बाजूने आड येतो. कोयनानगर, नवजा या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत इथे कागदी वह्या सर्द होऊन फुगतात, पाने एकमेकांना चिकटतात, बुरशीचा वास येतो. टॅबलेटची पाने फुगत नाहीत हे खरे, पण किंडल स्क्राइब काय किंवा रिमार्केबल-२ काय, दोन्हींना पाण्यापासून संरक्षण नाही. बोट ओले असले की पान उलटत नाही, किंवा नको तिथे उलटते. पेनचे मात्र तसे होत नाही. विद्युतचुंबकीय पेनला पडद्याचा प्रत्यक्ष स्पर्श लागत नाही, त्यामुळे यंत्र पातळ पारदर्शक पिशवीत घालून वरून लिहिले तरी अक्षर उमटते. टोक प्लॅस्टिकवर घसरते आणि अक्षर थोडे वेडेवाकडे येते, पण एसटीच्या थांब्यावर सरीवर सरी येत असताना दोन ओळी टिपून ठेवायला एवढे पुरते.

पडदा फुटण्याची भीती याहून मोठी. ई-इंकच्या पडद्यामागे सहसा अतिशय पातळ काच असते. दप्तरात डबा किंवा पाण्याची बाटली त्यावर दाबली गेली तर वरून ओरखडाही न दिसता आतली काच तडकते आणि अर्ध्या पडद्यावर रेघा कायमच्या थिजतात. मोबाइलचा पडदा कराडला किंवा साताऱ्याला तासाभरात बदलून मिळतो. हा पडदा तिथे सहसा मिळत नाही, आणि मागवला तरी त्याची किंमत जवळपास नव्या यंत्राच्या घरात जाते. कडक कव्हर घेतल्याशिवाय हे यंत्र पाटण-कराड एसटीच्या गर्दीत नेऊ नये.

पेनचे टोकही झिजते. खरखरीचा हा दुसरा परिणाम. रोज भरपूर लिहिणाऱ्याचे मऊ टोक काही आठवड्यांत आखूड होते आणि नवे कुरियरने मागवावे लागते. सुपरनोटने यावर वेगळा उपाय काढला. त्यांनी पडद्यावरचा थर मऊ ठेवला आणि पेनला चिनीमातीच्या जातीचे कडक टोक दिले, जे बदलावे लागत नाही. साहित्य हाताशी हवे, ही समर्थांच्या यादीतली अट इथे आठवते. तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात रिफिल मिळते, निब मिळत नाही.

संथपणाचा त्रास रोजचा आहे. चाळीसाव्या पानावरून एकदम बाराव्या पानावर जाऊन परत यायचे असेल, तर वहीत बोट घालून क्षणात होते. इथे पानांची यादी उघडायची, छोटी चित्रे उमटायची वाट पाहायची, पान निवडायचे, पडदा एकदा काळा-पांढरा लखलखून जाणार, मग पान दिसणार. खोडल्यावर आधीच्या अक्षरांची फिकट छाया मागे उरते, पाटी कोरड्या हाताने पुसल्यावर उरते तशी. ती घालवायला पडदा पूर्ण ताजा करावा लागतो. जुन्या छापील पुस्तकाची शेदोनशे पानांची स्कॅन पीडीएफ उघडली, तर प्रत्येक पानाला यंत्र थबकते. अभ्यास करताना पुढेमागे जाणे हीच मुख्य हालचाल असते, आणि नेमकी तीच इथे अवघड आहे.

आकाराचा हिशेबही आधीच करून ठेवावा. १०.३ इंची पडदा म्हणजे साधारण १५७ बाय २१० मिलिमीटर, जवळपास ए-५ कागद. शासनाचे परिपत्रक, प्रश्नपत्रिका, संशोधन लेख हे सगळे ए-४ वर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरवर मांडलेले असते. ते या पडद्यावर बसवले की अक्षर तीन चतुर्थांशाहून कमी होते. कोर्टाची कागदपत्रे तर लीगल आकाराची, ती आणखी बारीक. १३.३ इंची यंत्रे यावर उपाय आहेत, पण ती महाग आणि बॅगेत मावायला कठीण. वकिलाने मोठाच पडदा पाहावा. केवळ टिपणे काढणाऱ्याला लहान पुरतो.

रंगांचेही तसेच. ई-बालभारतीवर शालेय पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. भाषेचे पुस्तक काळ्या-पांढऱ्या पडद्यावर छान वाचता येते. भूगोलाचा नकाशा उघडला की पर्जन्याचे हिरवे, निळे, जांभळे पट्टे एकाच राखाडी छटेत मिसळतात आणि सूचीचा उपयोग संपतो. रंगीत ई-इंक आता आहे. तिच्या कॅलिडो-३ या प्रकारात काळे-पांढरे अक्षर ३०० बिंदू प्रति इंच, तर रंगीत भाग १५० बिंदू प्रति इंच. रंगाची जाळी वरून बसवलेली असल्याने पडदा मुळातच काळवंडतो. रिमार्केबलने २०२४ मध्ये आणलेल्या पेपर प्रोमध्ये वेगळे रंगीत तंत्र आहे, पण त्याची किंमत ५७९ डॉलरपासून सुरू झाली. रंग वर्तमानपत्रातल्या छपाईसारखे फिके दिसतात. भूगोल, जीवशास्त्र, वैद्यक यांच्या विद्यार्थ्याने एवढ्यावर समाधान मानू नये.

आता मराठी वाचकाला सर्वांत जवळच्या मुद्द्याकडे यावे लागेल. हाताने लिहिलेले यंत्र छापील अक्षरांत बदलते आणि नंतर शब्द टाकून शोधूनही देते, हे या टॅबलेटचे मोठे आकर्षण म्हणून सांगितले जाते. रोमन लिपीत ते चांगले चालते. देवनागरीपाशी आले की गाडी अडते.

कारण लिपीच्या घडणीत आहे. यंत्र आधी अक्षर पाहते ते चित्र म्हणून नव्हे, तर पेनच्या हालचालींची मालिका म्हणून. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, कुठे पेन उचलले. रोमनमध्ये अक्षरे बहुतेक एकापाठोपाठ एक येतात. मराठी माणूस 'कार्यक्रम' लिहिताना आधी अक्षरांचे अंग काढतो, रफार 'य'च्या डोक्यावर देतो पण उच्चारात तो 'य'च्या आधी येतो, आणि शेवटी संपूर्ण शब्दावरून शिरोरेघ ओढतो. 'ि' ही वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर बोलली जाते. जोडाक्षर कुणी आडवे जोडतो, कुणी उभे. घाईत निम्मी माणसे शिरोरेघ देतच नाहीत, मग 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला फरक संदर्भावरूनच कळतो. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांची रीत आणखी निराळी. ते ओळभर शिरोरेघ आधी आखून घेत आणि मग तिला अक्षरे लटकवत. या सगळ्या सवयी यंत्राला शिकवायच्या तर त्यासाठी मराठी हस्ताक्षराचे भरपूर नमुने गोळा करावे लागतात, आणि कंपन्या आधी मोठ्या गिऱ्हाइकाच्या भाषांकडे वळतात.

हे अशक्य नाही. अँड्रॉइड फोनवर गूगलच्या जीबोर्डमध्ये मराठी हस्तलेखनाचा पर्याय आहे आणि तो ठीकठाक अक्षर ओळखतो. बूक्सची यंत्रे अँड्रॉइडवर चालतात, त्यामुळे त्यांत असा कीबोर्ड घालता येतो. मात्र तो एका छोट्या चौकटीत शब्द-शब्द लिहायला लावतो. वहीच्या पानावर आधीच लिहिलेल्या दहा ओळी तो बदलून देत नाही. यंत्र घेण्याआधी हस्ताक्षर बदलण्याच्या भाषांच्या यादीत 'मराठी' हे नाव स्पष्ट आहे का, केवळ 'हिंदी'वर भागवले आहे का, आणि टंकलेखनाच्या कीबोर्डवर देवनागरी आहे का, हे प्रत्येकाने स्वतः तपासून घ्यावे.

छापील मराठीची अडचण वेगळी. श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये तयार झालेली असंख्य मराठी पुस्तके आणि कागदपत्रे पीडीएफच्या रूपात फिरतात. पडद्यावर ती सुबक दिसतात, पण त्यात एखादा शब्द शोधायला जावे तर काहीच सापडत नाही, कारण आत साठवलेली खूण वेगळीच असते. दोष टॅबलेटचा नाही. तरी हजार पानांचा संदर्भग्रंथ बरोबर असूनही हवे ते पान हाताने शोधावे लागते, तेव्हा निराशा व्हायची ती होतेच.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. अक्षर शाईच्या रूपातच राहू दिले तर लिपीचा कोणताही प्रश्न उरत नाही. देवनागरी, मोडी, गणिताची मांडणी, सतारीची स्वरलिपी, काहीही लिहा, यंत्र ते जसेच्या तसे जपते. मोडी शिकणाऱ्यांनी जुन्या कित्त्याची पीडीएफ खाली ठेवून वरून गिरवावे, चुकले की पुसावे, पुन्हा गिरवावे. या कामाला याहून चांगले साधन आज नाही. कित्ता झिजत नाही आणि कागद संपत नाही.

लक्ष एकाग्र राहते का? या यंत्रांचे पाठीराखे सर्वांत जास्त भर यावरच देतात, आणि तो रास्त आहे. रिमार्केबलवर व्हॉट्सअ‍ॅप नाही, व्हिडिओ नाही, सूचनांची टिणटिण नाही. अभ्यासिकेत मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात, कारण तो एकदा हातात आला की तास जातो. हाताने लिहिण्याच्या फायद्याबद्दल नॉर्वेतल्या त्राँडहाइमच्या विद्यापीठाने २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ संवेदक लावून त्यांना काही शब्द डिजिटल पेनने पडद्यावर लिहायला आणि काही टाइप करायला लावले. लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतला मेळ टाइप करण्यापेक्षा बराच जास्त दिसला. म्हणजे पेन डिजिटल असले तरी हाताच्या हालचालीचा लाभ होतो.

दुसऱ्या बाजूला टोकियो विद्यापीठाचा २०२१ चा अभ्यास कागदाच्या बाजूने आहे. ४८ जणांना एक वेळापत्रक नोंदवायला दिले. कागदी डायरीवाल्यांनी ते सुमारे ११ मिनिटांत उरकले, टॅबलेटवाल्यांना १४ आणि फोनवाल्यांना १६ मिनिटे लागली. नंतर आठवताना कागदवाल्यांच्या मेंदूत स्मरणाशी संबंधित भाग अधिक सक्रिय दिसला. डाव्या पानावर, खाली कोपऱ्यात, शाईचा डाग पडला होता तिथे लिहिले होते, अशा खुणा कागद देतो. सगळी पाने एकाच चौकटीत दाखवणारा पडदा देत नाही. तो टॅबलेट ई-इंकचा नव्हता, पण जागेच्या खुणांची उणीव दोन्हीकडे सारखीच.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली. तिथे उत्तरे कागदावर लिहायची असतात. ई-इंकवर काढलेल्या नोट्स उजळणीला उत्तम, पुन्हा मांडायला सोप्या, मध्येच चार ओळी घुसवायला तर फारच सोयीच्या. पण तीन तास सलग लिहिण्याचा हात कागदावरच तयार होतो. उत्तरलेखनाचा सराव टॅबलेटवर करणे चुकीचे ठरेल.

पैशांचा हिशेब सरळ आहे. किंडल स्क्राइब २०२२ मध्ये अमेरिकेत ३३९.९९ डॉलरला आला, रिमार्केबल-२ सुरुवातीला ३९९ डॉलरला. डॉलर ८२ रुपये धरला तरी पहिल्याचे जवळपास २८ हजार होतात, आणि परदेशातून मागवल्यास कर व वाहतूक वेगळी. दोनशे पानी वही साठ रुपयांना धरली तर तेवढ्यात साडेचारशेहून अधिक वह्या येतात. इतक्या वह्या एक माणूस विद्यार्थिदशेत क्वचितच संपवतो. तेव्हा वह्यांचा खर्च वाचावा म्हणून हे यंत्र घेऊ नये. हजारो पानांच्या पीडीएफ छापून घ्याव्या लागणाऱ्याला मात्र छपाईच्या खर्चात ते दोन-तीन वर्षांत परवडू शकते.

शिवाय खरेदीनंतरही कंपनीचा हात खिशात राहू शकतो. रिमार्केबलने ऑक्टोबर २०२१ मध्ये आधी मोफत असलेल्या काही सोयींसाठी महिन्याला ७.९९ डॉलरपर्यंत वर्गणी सुरू केली. ग्राहक चिडले. पुढच्या वर्षी ती २.९९ डॉलरवर आली. किंडल स्क्राइबवर पहिली दोन वर्षे पुस्तकाच्या पानावर थेट लिहिताच येत नव्हते, चिकटचिठ्ठी लावूनच टिपण करावे लागे. पानावर थेट लिहिण्याची सोय २०२४च्या अखेरीस आली. चीनमध्ये तर अ‍ॅमेझॉनने ३० जून २०२३ रोजी किंडलचे पुस्तकांचे दुकानच बंद केले आणि विकत घेतलेली पुस्तके उतरवून घ्यायला ग्राहकांना आणखी एक वर्ष दिले.

समर्थांची शेवटची कसोटी, टिकण्याची, इथे सर्वांत कठोर ठरते. धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखिते आजही वाचता येतात, कारण कागद, शाई आणि सोडलेल्या कडा यांपलीकडे त्यांना काही लागत नाही. टॅबलेटवरची वही उघडायला यंत्र, बॅटरी, कंपनीचे सॉफ्टवेअर आणि बहुधा तिचा सर्व्हर हे सगळे जिवंत असावे लागते. त्याच वेळी कागदाचाही एक कमकुवतपणा आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, माणसे गेली, घरे गाडली गेली. अशा आपत्तीत एकाच जागी असलेला कागद परत मिळत नाही. दूरच्या संगणकावर प्रत असलेली वही मिळते. कागदाची ताकद त्याच्या साधेपणात, टॅबलेटची ताकद प्रतींत. ती ताकद वापरायची की नाही, हे वापरणाऱ्याच्या हाती आहे.

ज्याचे काम मुख्यतः काळ्या अक्षरांचे आहे, ज्याला खूप वाचायचे आणि वाचताना लिहायचे आहे, ज्याला मोबाइलपासून दूर बसायचे आहे आणि जो यंत्र जपून वापरतो, त्याने ते जरूर घ्यावे. शाळकरी मुलासाठी घेऊ नये. हस्ताक्षर आपोआप छापील मराठी होईल, या आशेवर तर मुळीच घेऊ नये. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या लोकांच्या हस्ताक्षराला कंपन्यांनी यादीत जागा द्यावी, हे मागणे मुळीच मोठे नाही आणि ग्राहकांनी ते कंपन्यांना लिहून कळवत राहिले पाहिजे. तालुक्यातल्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी एक-दोन यंत्रे घेऊन वाचकांना आठवडाभर वापरायला दिली, तर कित्येकांचे चुकीच्या खरेदीतले पैसे वाचतील.

ज्यांनी हे यंत्र आधीच घेतले आहे, त्यांनी दर महिन्याला सगळ्या वह्या पीडीएफ करून एक प्रत संगणकावर आणि एक पेन ड्राइव्हवर ठेवावी. वहीचे नाव टाइप करून द्यावे, त्यात तारीख आणि विषय असू द्यावा. मराठी मजकूर शोधण्याची सोय येईपर्यंत शोधायला तेवढाच आधार आहे.